फाटलं

आप्पा संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी गेले. पहिली कळ पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी आली होती. मधले चौदा तास बारा मिनिटं मी तीन केसपेपरांवरून, आईच्या आणि माझ्या फोनमधल्या कॉलच्या वेळांवरून आणि शेजारच्या अण्णांना पुन्हा पुन्हा विचारून जुळवली आहेत. दवाखान्यांची नावं लिहिणार नाही. त्या दिवशी भेटलेल्या एकाही डॉक्टरने हलगर्जीपणा केला नव्हता. हे तेव्हा पटलं नाही, आता पटतं. हरवला तो एक शब्द. आप्पांनी तो पहिल्याच मिनिटाला उच्चारला होता.

२१ वर्षं आधी

थोरले काका उसाला दारं धरताना बांधावर कोसळले. वय ४३. विडी नाही, तंबाखू नाही. बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. शवविच्छेदन झालं नाही, कोणी सुचवलंही नाही. ‘हार्टनं गेले’ असं सगळे म्हणाले, आणि पुढची एकवीस वर्षं आमच्या घरात तेच वाक्य चाललं. काकांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

५ महिने आधी

आप्पा खालुंब्र्याच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर. वय ५६. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १७०/१०४ निघालं. तीस गोळ्यांचं पाकीट मिळालं. अकरा घेतल्या. नंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केल्या. उरलेल्या एकोणीस गोळ्या मला शोकेसच्या ड्रॉवरमध्ये, वीजबिलांच्या खाली सापडल्या.

त्यांच्या कामाबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. आप्पांचं अर्धं आयुष्य हायड्रॉलिक होज बदलण्यात गेलं. होजला तीन थर असतात. आत रबराची नळी, मधे पोलादी तारेची वीण, वर जाड रबरी आवरण. आतल्या नळीला चीर गेली तरी तेल लगेच बाहेर येत नाही. दाबाखालचं तेल थरांच्या मधे घुसतं, वाट काढत पुढे जातं आणि वरचं आवरण फुगायला लागतं. ‘होजनं फुगा धरला’ असं आप्पा म्हणत. नव्या पोरांना त्यांचं सांगणं ठरलेलं होतं: फुगा दिसला की पान्याला हात लावायचा नाही. आधी पंप बंद. आधी प्रेशर उतरवायचं.

हृदयातून निघणारी महाधमनीही तीन थरांची असते. मुळाशी तिचा व्यास साधारण तीन सेंटिमीटर. हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला मार ती झेलते.

पहाटे ५.४०

माघ शुद्ध नवमी. भंडारा डोंगरावर सप्ताह चालू होता, दुसऱ्या दिवशी दशमी, तुकोबांना अनुग्रह झाल्याची तिथी. आमच्या आळीतून पंगतीसाठी गहू जायचा होता. दारात छोटा हत्ती उभा. सात पोती, प्रत्येकी ५० किलो. गार इतकं की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आप्पा आणि अण्णा दोन्ही टोकांना धरून पोती चढवत होते.

तिसरं पोतं फाळक्यापर्यंत आलं. आप्पांनी श्वास रोखून ते वर ढकललं, दोन पावलं मागे आले आणि ओट्यावर बसले.

“टर्रकन फाटलं,” ते म्हणाले. “छातीतनं पाठीत. धोतर फाटावं तसं.”

अण्णा म्हणाले, “उसण भरली आसंल आप्पा. वाकडं उचललं तुमी.”

जड ओझं उचलताना श्वास रोखला की रक्तदाब काही क्षण झपाट्याने चढतो. निरोगी धमनी तो सोसते. अनेक वर्षांच्या वाढलेल्या बीपीने आणि कदाचित घराण्यातून आलेल्या कच्च्या धाग्याने जिचा मधला थर विरला आहे, तिच्या आतल्या अस्तराला चीर जाते. रक्त त्या चिरेतून भिंतीच्या आत शिरतं आणि थर उलगडत जातं. खरी वाट आणि खोटी वाट, अशा दोन वाटा शेजारी शेजारी तयार होतात. जिथे जिथे फांदी फुटते, मेंदूकडे, हाताकडे, मूत्रपिंडाकडे, पायाकडे, तिथे तिथे खोटी वाट खऱ्या वाटेला दाबू शकते. आजाराचं इंग्रजी नाव एऑर्टिक डिसेक्शन. मराठीत ‘महाधमनी विच्छेदन’ म्हणतात. आप्पांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी जे सांगितलं ते वर्णन अचूक होतं.

२००० साली या आजाराची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली. सहा देश, १२ केंद्रं, ४६४ रुग्ण. त्यांतल्या जवळजवळ ८५ टक्के रुग्णांची कळ एकाएकी, एका क्षणात सुरू झाली होती. ७२ टक्क्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता.

५.५५

दरदरून घाम. आईने ओवा आणि सैंधव दिलं. “वायू धरलाय,” ती म्हणाली. कळ खांद्याच्या पात्यांमधून कमरेकडे सरकली होती. आप्पांनी हाताने दाखवलं होतं, वरून खाली. आईला तो हात अजून आठवतो.

६.२०

कळ ओसरली. अण्णांनी पुतण्याला हाक मारून उरलेली चार पोती चढवली. चीर पुढे सरकायची थांबली की कळ कमी होते. भिंत मात्र तशीच उसवलेली राहते. सगळ्यांना हायसं वाटलं.

महाधमनीच्या हृदयालगतच्या भागात चीर असेल आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक ते दोन रुग्ण दगावतात, असं जुनी पुस्तकं सांगतात. अलीकडच्या नोंदींत हा आकडा अर्ध्या टक्क्याजवळ आला आहे. कोणताही धरला तरी घड्याळ ५.४० ला चालू झालं होतं.

७.१०

आप्पांनी मला निगडीला फोन केला. ३ मिनिटं ४० सेकंद. आधी गव्हाच्या पोत्यांबद्दल बोलले, मग मीटरच्या जास्त आलेल्या बिलाबद्दल. शेवटी म्हणाले, “मगाशी पाठीत कायतरी फाटल्यागत झालं. आता बरंय.”

मी मुलीच्या डब्याला झाकण लावत होतो. म्हणालो, “बाम चोळा, आणि आज कामावर जाऊ नका.”

७.१५, लंडन, २५ ऑक्टोबर १७६०

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज नेहमीप्रमाणे सहाला उठला. चॉकलेट प्यायला. वारा कुठल्या दिशेने आहे ते विचारलं, कारण परदेशी टपालाची वाट होती. खिडकी उघडली, ऊन पाहिलं आणि बागेत फिरायला जाईन म्हणाला. सव्वासातच्या सुमारास तो शौचाला गेला. बाहेर थांबलेल्या सेवकाने आधी मोठा आवाज आणि मग कण्हणं ऐकलं. आत धावला तेव्हा राजा जमिनीवर पडला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रँक निकोल्स या वैद्याने देह उघडला. हृदयाभोवतीच्या पिशवीत सुमारे अर्धा लिटर गोठलेलं रक्त होतं. महाधमनीच्या आतल्या बाजूला दीड इंचाची आडवी चीर, आणि तिच्यातून रक्त बाहेरच्या थराखाली शिरल्याची खूण. त्याने हे सगळं लिहून ठेवलं. या आजाराची इतकी स्पष्ट नोंद वैद्यकाच्या इतिहासात त्याआधी नाही. राजा गेल्यावर का होईना, कोणीतरी उघडून पाहिलं. आमच्या काकांच्या वेळी कोणी पाहिलं नाही.

९.५०

परंडवाल चौकाच्या बाजूला एक क्लिनिक. रुग्णाची खुर्ची टेबलाच्या डाव्या अंगाला, त्यामुळे डॉक्टरांच्या जवळ उजवा हात येतो. बीपी उजव्या हाताला: १८६/९८.

आप्पा थकले होते, आईच बोलली. “पहाटे पोतं उचलताना उसण भरली.” शब्द अण्णांचा होता. चार तासांत तो आमच्या घराचा झाला होता. पोतं, उसण, पाठ. एवढं ऐकल्यावर कोणाही डॉक्टरला जे वाटेल तेच वाटलं. कागदावर पाठीचं दुखणं लिहिलं गेलं. कमरेत वेदनाशामक इंजेक्शन, पित्ताची गोळी, बीपीची गोळी पुन्हा सुरू. तरी डॉक्टरांनी एक काळजी घेतली: वय बघता ईसीजी काढून घ्या, म्हणाले.

लाख माणसांत वर्षाला साधारण तीन ते सहा जणांना हा आजार होतो. गावातल्या डॉक्टरला सगळ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण दिसेल, कदाचित एकही नाही. पाठदुखीचे मात्र रोज दहा येतात.

मोठ्या शहरातही हेच घडतं. न्यूयॉर्कचा नाटककार आणि संगीतकार जोनाथन लार्सन २१ जानेवारी १९९६ ला तालमीत छातीतल्या कळेने खाली बसला. एका रुग्णालयात अन्नाची विषबाधा ठरली. दोन दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात फ्लूसारखा विषाणू ठरला. दोन्हीकडून घरी पाठवलं. २५ तारखेला पहाटे तो स्वयंपाकघरात मृत सापडला. वय ३५. त्याच दिवशी ‘रेंट’ या त्याच्या नाटकाचा प्रेक्षकांसमोरचा पहिला प्रयोग होता.

११.३५

नर्सिंग होम. तपासणीचा पलंग भिंतीला लावलेला, उजवी बाजू भिंतीकडे. सिस्टरने डाव्या हाताला पट्टा बांधला. १२८/७६.

“बघा, गोळीनं उतरलं,” ती म्हणाली. आईला बरं वाटलं.

ईसीजी ठीक आला. २००० च्या त्या नोंदीत ३१ टक्के रुग्णांचा ईसीजी नॉर्मल होता. निदान ‘गॅसेस’ झालं. पातळ औषधाची बाटली.

दोन कागद आता माझ्यासमोर शेजारी शेजारी आहेत. उजवा हात १८६, डावा १२८. मधे पावणेदोन तास आणि एक गोळी. गोळीने थोडं उतरलंही असेल. पण दोन हातांच्या वरच्या आकड्यात वीसपेक्षा जास्त फरक पडला तर महाधमनीचा संशय घ्यावा, असं सांगतात. इथे अठ्ठावन्न होता. खोटी वाट डाव्या हाताच्या फांदीपर्यंत पोचली असावी. दोन्ही हातांचं बीपी एकाच जागी, एकामागून एक मोजायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी ते कुठेच मोजलं गेलं नाही, आणि हे दोन कागदही कोणी जवळ ठेवून पाहिले नाहीत. एक आईच्या पिशवीत होता, एक आप्पांच्या खिशात.

दुपारी १.२०

आप्पा दोन घास वरणभात जेवले. उठताना डावा पाय लुळा वाटला. मुंग्या आल्या. आईने पाऊल हातात घेतलं तर गार. तिने तेल कोमट करून चोळलं. पंधरा मिनिटांत पाय पूर्ववत झाला.

तिने हे कोणालाच कळवलं नाही. कळवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. पाय परत चालू झाला होता. मलाही वाटलं नसतं.

आप्पा संध्याकाळच्या कीर्तनाला डोंगरावर जायचं म्हणत होते. सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

३.१०

दुसरी कळ. या वेळी छातीच्या मधोमध, जबड्यापर्यंत. उलटी. ३.१४ ला आईने मला फोन केला, मी १०८ ला. ३.३९ ला गाडी दारात आली. पंचवीस मिनिटं.

साडेतीन म्हणजे फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ. तळवड्याच्या चौकात कंपन्यांच्या बसेस आडव्या, कंटेनर उभे, दुचाकी जिथे फट मिळेल तिथे. सायरन चालू होता. लोक वाट देत होते, पण द्यायला जागाच नव्हती. तो चौक ओलांडायला एकोणीस मिनिटं गेली, असं ड्रायव्हरने सांगितलं.

४.२८

पिंपरी-चिंचवडमधलं एक मोठं रुग्णालय. मी दारात होतो.

केसपेपरवर पहिली ओळ: ‘चेस्ट पेन, दीड तास’. तास चुकीचे लिहिले गेले होते आणि चूक माझी होती. “दुखायला कधी लागलं?” असं विचारल्यावर मी म्हणालो, “तीन वाजता.” पहाटेची उसण आणि दुपारची छातीची कळ, माझ्या मनात ही दोन वेगळी दुखणी होती. एक सकाळी मिटलं, दुसरं आता सुरू झालं.

फाटलं, उसण भरली, वायू धरला, पाठ धरली, गॅसेस, चेस्ट पेन. अकरा तासांत शब्द सहा माणसांच्या तोंडून फिरला आणि प्रत्येकाने त्याला आपल्याला कळेल असं रूप दिलं.

४.३६

नवा ईसीजी. आता बदल दिसले, हृदयाच्या खालच्या भागाकडचे. हार्ट अॅटॅकचंच चित्र. खोट चित्रात नव्हती. चीर मागे, हृदयाच्या दिशेने उलगडत येऊन उजव्या कोरोनरी धमनीच्या तोंडाशी पोचली की हृदयाचा तो भाग खरोखर उपाशी पडतो. अॅटॅक खरा असतो, त्याचं कारण वेगळं असतं.

४.४१ ला लोडिंग डोस दिला: अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, जोडीला कोलेस्टेरॉलची गोळी. ४.४४ ला हेपॅरिनचं इंजेक्शन. गुठळीने बंद पडलेली धमनी मोकळी व्हावी म्हणून रक्त पातळ करणारी ही औषधं. हार्ट अॅटॅकच्या हजारो रुग्णांना ती वाचवतात आणि पहिल्या मिनिटांत द्यायची असतात. सगळं पुस्तकाप्रमाणे आणि वेगाने झालं. पण भिंत फाटली असेल तेव्हा रक्त पातळ करणं म्हणजे तेलाला वाट करून देणं. तिथे गरज उलटी असते: वेदना थांबवायची, नाडी मिनिटाला साठपर्यंत आणायची, वरचं बीपी शंभर ते एकशेवीसच्या मधे आणायचं. आधी प्रेशर उतरवायचं.

५.४०

बारा तास पूर्ण. आप्पा कॅथलॅबमध्ये. मनगटातून आत सरकवलेली बारीक नळी जिथे जायला हवी तिथे जाईना. डॉक्टरांनी थोडं रंगद्रव्य सोडलं. पडद्यावर महाधमनीच्या पोकळीत एक पातळ पडदा हलताना दिसला. त्यांनी नळी लगेच मागे घेतली.

५.५२

कार्डिओलॉजिस्ट हातमोजे न काढता बाहेर आले. त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा दुखलं तेव्हा ते नेमकं काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांगा.”

दिवसभरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. आई भिंतीला टेकून उभी होती.

“फाटलं म्हणाले होते,” ती म्हणाली. “पहाटे. टर्रकन फाटलं.”

डॉक्टर काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. मग सीटी सांगायला वळले.

६.००, बरबँक, कॅलिफोर्निया, ११ सप्टेंबर २००३

अमेरिकी नट जॉन रिटर मालिकेच्या सेटवर आजारी पडला. समोरच्याच रस्त्यापलीकडे रुग्णालय होतं, त्याचा जन्मही तिथलाच. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो तिथे पोचला. हार्ट अॅटॅक समजून उपचार झाले, कॅथलॅबमध्ये नेलं. रात्री १०.४८ ला तो गेला. महाधमनीचं विच्छेदन होतं. पंचावन्नावा वाढदिवस सहा दिवसांवर होता आणि त्या दिवशी त्याची धाकटी मुलगी पाच वर्षांची झाली होती. वाहतूक नाही, अंतर नाही, पैशाची अडचण नाही. पावणेपाच तास होते. पुढे खटला चालला. २००८ मध्ये ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी डॉक्टरांना दोषमुक्त केलं.

त्याचे वडील टेक्स रिटर, प्रसिद्ध गायक-नट, १९७४ साली असेच अचानक गेले होते. तेव्हा हार्ट अॅटॅक म्हटलं गेलं. जॉन गेल्यावर त्याचा भाऊ टॉम याची तपासणी झाली, त्याची महाधमनी फुगलेली सापडली, वेळेत शस्त्रक्रिया झाली. पत्नी एमी यास्बेक हिने नंतरची वर्षं लोकांना हेच सांगण्यात घातली की अशा घरातल्या प्रत्येकाची धमनी मोजून घ्या.

६.२२

सीटी अँजिओ. चीर हृदयापासून निघून कमरेखाली डाव्या पायाच्या फांदीपर्यंत. नाडी आणि बीपी उतरवणारं औषध शिरेतून सुरू झालं. पहिल्यांदाच. कळ लागल्यापासून १२ तास ४२ मिनिटांनी.

यावर उपाय एकच: छाती उघडायची, रक्ताभिसरण यंत्रावर घ्यायचं आणि फाटलेला भाग कापून तिथे कृत्रिम कापडाची नळी शिवायची. ही शस्त्रक्रिया करणारी टीम त्या संध्याकाळी पुण्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात तयार होणार होती. फोन झाले. रक्ताच्या पिशव्या, प्लेटलेट. रक्त पातळ केलेलं असल्याने सर्जननी जास्त मागवल्या. अनामत रकमेसाठी धाकट्या भावाने तीन जणांना फोन केले.

६.४०

आप्पा शुद्धीवर होते. मला विचारलं, “पोती गेली का सगळी?”

“गेली,” मी म्हणालो.

७.०५

कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स निघाली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, डॉक्टर मागे. ७.१७ नाशिक फाटा. ७.२१ कासारवाडी. फुगेवाडीपाशी गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या.

७.३४

हॅरिस पूल. मागून डॉक्टरांचा आवाज आला, ड्रायव्हरला: “अजून किती?” मॉनिटरवर वरचं बीपी ७० होतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बाहेरचा थर सुटून रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत उतरत होतं. पिशवी ताणली जात नाही. आत रक्त साठत जातं तसतशी हृदयाला प्रसरण पावायला जागा उरत नाही. निकोल्सने १७६० मध्ये मोजलं होतं तेच.

७.४८

रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर घेऊन चौघे उभे होते. थिएटर तयार होतं. सर्जन हात धूत होते, असं नंतर कळलं.

७.५२

नर्सने वेळ मोठ्याने सांगितली आणि दुसऱ्या नर्सने लिहून घेतली.

त्याच वेळी डोंगरावर कीर्तन सुरू होतं. अण्णा तिथे होते. त्यांनी फोन बंद ठेवला होता.

१९ दिवसांनंतर

कॅथलॅबमधल्या त्याच डॉक्टरांनी स्वतः फोन करून आम्हाला बोलावलं. भाऊ, मी, आत्या आणि काकांची मुलगी. सगळ्यांचा एको, मग गरजेप्रमाणे सीटी. भावाची महाधमनी मुळाशी ३४ मिलिमीटर. आत्याची ३६. माझी ४३, दरवर्षी मोजायची, बीपीची गोळी न चुकवता, जड ओझं उचलायचं नाही.

काकांच्या मुलीची ५२.

ती तीस वर्षांची आहे. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला, दिवसभर हातात वर्निअर. बेअरिंगच्या रिंगा मोजते. डॉक्टर तिला समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, “सर, किती पाहिजे आणि किती आहे तेवढं सांगा.” एरवी ५५ पर्यंत थांबतात, पण घरात असे मृत्यू झाले असतील तर त्याआधीच शस्त्रक्रिया करतात, असं त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली. वडील उसाच्या बांधावर कशाने गेले, हे तिला तेव्हा, त्या खोलीत, एकवीस वर्षांनी कळलं.

त्या कापडाच्या नळीची गोष्ट मी तिला वाटेत सांगितली. १९५० च्या दशकात मायकेल डीबेकी नावाच्या अमेरिकी सर्जनने दुकानातून डॅक्रॉनचं कापड आणलं आणि पत्नीच्या शिलाई मशीनवर धमनीसाठी नळ्या शिवल्या. डिसेंबर २००५ च्या शेवटच्या दिवशी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्याच डीबेकींच्या महाधमनीला चीर गेली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्यावर त्यांनीच रुळवलेल्या पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले.

“शिवण उसवत नाही ना?” तिने विचारलं.

शस्त्रक्रिया चैत्रात झाली. साडेपाच तास चालली. जखम भरून आली, आता ती पुन्हा कामावर जाते, फक्त जड पेट्या उचलत नाही. त्या सकाळी तिला आत नेण्याआधी, ७.२० ला, भूलतज्ज्ञ बाईंनी तिचं बीपी आधी एका हाताला मोजलं, पट्टा सोडला, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि दुसऱ्या हाताला बांधला. मी दोन्ही आकडे खिशातल्या कागदावर लिहून घेतले. उजवा ११८. डावा ११६.